घर भाड्याचं, कागद पक्का

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गंमत अशी, की घर बांधणाऱ्याच्या वाट्याला निदान म्हण तरी आली. भाड्याच्या घरात राहणाऱ्याच्या वाट्याला तीही आली नाही. वास्तविक त्याची परीक्षा कमी नसते. बांधणाऱ्याचा जीव एकदाच मेटाकुटीला येतो, भाडेकरूचा दर अकरा महिन्यांनी येतो!

बँकेची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. त्या निमित्तानं चिपळूणपासून गडहिंग्लजपर्यंत अकरा घरं मी भाड्यानं घेतली आणि सोडली. निवृत्तीनंतर कोल्हापुरात स्वत:च्या घरात स्थिरावलो, तेव्हा वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. म्हणजे आधी भाडेकरू आणि मग घरमालक, असा नदीचा दोन्ही काठांनी प्रवास झाला. या प्रवासात एक गोष्ट मनात पक्की बसली. घरमालक-भाडेकरूंची भांडणं वाईट माणसांत होतात असं नाही. बहुतेक वेळा ती दोन भल्या माणसांत होतात आणि पहिल्या दिवशी संकोचानं लिहायची राहून गेलेल्या गोष्टीवरून होतात.

आमच्या कोल्हापूरचा स्वभाव मोकळा. खोली बघायला आलेल्या माणसाला आधी चहा मिळतो. मग काकू म्हणतात, "राहा की निवांत, घर तुमचंच समजा." याहून गोड वाक्य नाही आणि याहून कच्चा करार नाही. घर तुमचंच, तर मग गळक्या टाकीचा खर्च कोणाचा? गच्चीवर पापड वाळत घालायचे की नाही? मुलीचं लग्न ठरलं म्हणून खोल्या हव्या झाल्या, तर किती दिवस आधी सांगायचं? गोड वाक्यात यातलं काहीच नसतं.

करार कशाचा करायचा, हे समजण्यासाठी आधी आपण कोणत्या जातीचे भाडेकरू आहोत हे ओळखायला हवं. कायद्याच्या दृष्टीनं आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत. एक जुनी. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत वाड्यांमधून आजोबांच्या काळापासून राहणारी कुटुंबं या तऱ्हेत मोडतात. त्यांना आधी १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचं आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं संरक्षण आहे. त्यांना कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज आणि न्यायालयाच्या हुकमाखेरीज बाहेर काढता येत नाही. भाडेवाढही वर्षाला चार टक्के अशी बांधलेली आहे. दुसरी तऱ्हा 'लिव्ह अँड लायसन्स'ची. म्हणजे ठराविक मुदतीसाठी राहण्याची परवानगी. आज राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात फ्लॅट घेणारं तरुण जोडपं बहुधा या तऱ्हेत असतं. मुदत संपली की जागा सोडायची. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम भरावी लागते. शेजारच्या वाड्यातल्या आजोबांना जे हक्क आहेत, ते आपल्यालाही आहेत अशा समजुतीत अनेक जण राहतात आणि फसतात.

'बारा वर्षं राहिलं की घर भाडेकरूचं होतं' हा असाच एक समज. त्यापायी मालक उगाच घाबरतात आणि चांगल्या भाडेकरूलाही दोन वर्षांत हलवतात. करारानं, परवानगीनं राहणारा माणूस नुसता राहिल्यानं मालक होत नाही, मग बारा वर्षं होवोत की बावीस.

आता अकरा महिन्यांचं कोडं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून नोंदणी चुकवायला अकरा महिन्यांची पळवाट निघाली. पण महाराष्ट्रात ही पळवाट १९९९ च्या कायद्यानं बंद केली. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एवढं असूनही शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून तो देवघरात ठेवणारी मंडळी अजून आहेत!

खर्चाची भीती असेल तर हिशेब मांडू. जुनी सवय आहे. भाडं महिना आठ हजार, अनामत पन्नास हजार, मुदत एक वर्ष. वर्षाचं भाडं शहाण्णव हजार, त्यात अनामतीवर दहा टक्क्यांनी पाच हजार मिळवा. झाले एक लाख एक हजार. त्यावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे अडीचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी एक हजार. करून देणाऱ्या एजंटाचे काय ते वेगळे. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा देऊन हे काम आता घरबसल्या ऑनलाइन होतं. वर्षभराची शांत झोप एवढ्या पैशात दुसरीकडे कुठं मिळते?

करारापूर्वी मात्र समोरचा माणूस खरा मालक आहे का, हे पाहावं. घरफाळ्याची पावती, लाइट बिल आणि सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड बघायला मागण्यात अपमान नाही. घर चार भावांचं आणि भाडं घेणारा एक, असं असेल तर इतरांची संमती किंवा मुखत्यारपत्र पाहावं. आणि एक प्रश्न हमखास विचारावा: घरावर कर्ज आहे का?

हा प्रश्न मी का विचारायला सांगतो, ते ऐका. थकीत कर्जापोटी एका बंगल्याचा ताबा घ्यायला आमची मंडळी गेली होती, मीही होतो. दार उघडलं ते कर्जदारानं नव्हे, एका शाळामास्तरांच्या पत्नीनं. कडेवर मूल, गॅसवर आमटी. दरमहा न चुकता भाडं देणारं ते कुटुंब. त्या भाड्यातून मालक हप्ता भरत नव्हता, याची त्यांना कल्पनाच नव्हती. दारावर लावलेली नोटीस मालकानं 'कागदपत्रांचं काहीतरी आहे' म्हणून काढून नेली होती. मास्तरांजवळ करार होता, पण साधा, नोंद नसलेला. "साहेब, आमचं काय चुकलं?" असं त्या बाईंनी विचारलं, त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्या दिवशी आम्ही परत फिरलो, पण दोन महिन्यांत त्यांना जागा सोडावी लागली आणि अनामत अडकली ती अडकलीच.

२००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक आधी कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस देते. त्यानंतर ताब्याची नोटीस दारावर लावते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अशी नोटीस दिसली तर मालकाच्या शब्दावर न थांबता स्वत: बँकेत जावं. कर्जाच्या आधीपासूनचा खरा करार असेल, तर ऋणवसुली न्यायाधिकरणापुढे भाडेकरूलाही बाजू मांडता येते. ही तरतूद २०१६ च्या दुरुस्तीनं आली. पण बाजू मांडायला हातात नोंदलेला कागद हवा.

कोल्हापुरात घर घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती पुण्यातल्या पाहुण्याला सुचणार नाही. पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षं इथं कोणी विसरलेलं नाही. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, नागाळा पार्काचा काही भाग इथं तळमजल्यावर खोली घेताना शेजाऱ्याला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून 'इथवर' असं दाखवील. पूर आला तर त्या काळातलं भाडं द्यायचं की नाही, साफसफाई आणि वायरिंग कोणी करायचं, हेही करारात दोन ओळींत लिहून टाकावं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना ही बोलणी होत नाहीत.

राहायला जाताना खोल्यांची एक यादी करावी. पंखे किती, नळ कोणता गळतो, कुठल्या भिंतीला ओल आहे, मीटरचा आकडा काय. मोबाइलवर फोटो काढून मालकालाही पाठवावेत. अनामतीचे वाद ऐंशी टक्के नाही म्हणत, पण बहुतेक या यादीअभावीच होतात. भाडं शक्यतो बँकेतून द्यावं. रोख दिलं तर पावती मागावी. पावती देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. दुरुस्तीबाबत जुन्या भाडेकरूंना एक अधिकार आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकानं दुरुस्ती केली नाही, तर ती स्वत: करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आणि भांडण कितीही विकोपाला गेलं तरी नळ तोडणं, वीज बंद करणं हे मालकाला करता येत नाही. त्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागता येते.

अनामतीबाबत जग आपल्यापुढे गेलं आहे. इंग्लंडमध्ये २००७ पासून भाडेकरूची अनामत मान्यताप्राप्त योजनेच्या संरक्षणाखाली ठेवावी लागते. जर्मनीत ती मालकाच्या पैशांपासून वेगळी ठेवायची आणि तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घ्यायची नाही. आपल्याकडे केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तोवर अनामत किती दिवसांत आणि काय वजा करून परत मिळेल, हे करारात लिहून घेणं एवढंच आपल्या हाती. सर्वांत बरं म्हणजे किल्ली एका हातानं आणि चेक दुसऱ्या हातानं.

शेवटी एक विषय, जो कोणी करारात लिहीत नाही पण दारातच विचारतो: "आडनाव काय?" या शहरानं या प्रश्नाची किंमत ओळखली होती. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलांना जातीमुळे राहायला जागा मिळेना, हे पाहून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांपासून सुरुवात केली. पुढं मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठीही वसतिगृहं झाली. कोल्हापूर वसतिगृहांचं गाव झालं, ते मुळात बंद दारांमुळे. आज विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलीला, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लागलेल्या मुलाला तोच प्रश्न विचारला जात असेल, तर आपण त्या वारशाचं काय केलं? मालकानं विचारावं ते एवढंच: भाडं वेळेवर देणार ना आणि घर जपणार ना? बाकीची काळजी करार घेतो. कागदाला आडनावाचा वास येत नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे.

कागद मागणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याकडे समजतात. चाळीस वर्षं कागदांत काढलेला माणूस म्हणून सांगतो, उलट आहे. ज्या घरांत सगळं लिहिलेलं होतं, त्या मालकांच्या घरून आजही दिवाळीला आम्हाला फोन येतो. तेव्हा वाचकहो, काकूंचा चहा जरूर घ्या, 'घर तुमचंच समजा' हेही आनंदानं ऐका. आणि कप खाली ठेवताना हसून म्हणा, "काकू, मग नोंदणीला कधी जायचं?"