मुलाखत? नको रे बाबा!

‘पॅरिस रिव्ह्यू’: १९५३ पासून लेखकांच्या दीर्घ मुलाखती. पहिल्या अंकात ई. एम. फॉर्स्टर. छापण्याआधी मजकूर लेखकाला तपासता येतो.

व्लादिमीर नाबोकोव्ह: प्रश्न आधी लेखी हवेत, उत्तरंही लेखीच. १९७५ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीच्या ‘आपोस्त्रोफ’ कार्यक्रमात पुस्तकांच्या आड कार्डं ठेवून उत्तरं वाचली. समोरच्या किटलीत चहा नव्हे, व्हिस्की! निवडक मुलाखती ‘स्ट्राँग ओपिनियन्स’मध्ये (१९७३).

जे. डी. सॅलिंजर: १९५३ मध्ये शाळकरी मुलीला, शाळेच्या पानासाठी म्हणून मुलाखत दिली. ती आली स्थानिक दैनिकात. शाळेच्या मुलांशी ऊठबस संपली, घराभोवती कुंपण आलं.

हार्पर ली: १९६४ नंतर मुलाखती जवळपास बंद.

एलेना फेरान्ते: नाव टोपण, उत्तरं बहुतेक लेखीच.