चौकटीतील घर : लेखांक सातवा – चिंटूची फिर्याद

मागील लेखांकात आपण वेताळाचा निरोप घेतला. इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून घरोघर पोहोचविलेला तो बुरखाधारी वीर मराठी बोलत असला, तरी त्याचे अरण्य, त्याची कवटीची गुहा आणि त्याचे शत्रू हा सारा सरंजाम परमुलखातला होता. म्हणूनच २१ नोव्हेंबर १९९१ रोजी चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये चिंटू नावाचा जो मुलगा चित्रपट्टीत उभा केला, त्याच्यापाशी घोडा नाही, अंगठी नाही, केवळ एक घर आणि एक कॉलनी आहे, ही गोष्ट त्या वेळी वाटली त्याहून पुष्कळ मोठी होती.

तीन-चार चौकटींच्या पट्टीत कथानकाला जागा कुठली? पहिल्या चौकटीत एखादी फिर्याद रुजू व्हावी, पुढे वडीलधाऱ्यांनी तिचा निवाडा करावा, आणि त्या निवाड्यातलाच शब्द उचलून अखेरीस मुलाने खुद्द न्यायाधीशालाच निरुत्तर करावे, अशी बहुधा या मालिकेची वहिवाट. अमेरिकेत चार्ल्स शुल्झ यांनी १९५० साली आरंभिलेल्या ‘पीनट्स’मध्ये मोठी माणसे दिसतच नाहीत, तेथे मुलेच प्रौढांसारखे तत्त्वचिंतन करतात. चिंटूच्या चौकटीत मात्र मम्मी, पप्पा, आजी, आजोबा यांची हजेरी असते, आणि शेजारी कैऱ्यांवर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या जोशीकाकूही असतात. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या ही मंडळी जो काही उपद्व्याप करतात, त्याची सारी लज्जत कोणीतरी वडीलधारे पाहत आहे, यातच असते.

आमच्या तलवाड्यात, त्वरितादेवीच्या या गावी, टपरीवर वृत्तपत्र आले की त्याची पानोपान वाटणी होते. राजकारण आणि बाजारभाव जाणत्यांकडे जातात, आणि व्यंगचित्राचे पान ज्याच्या हाती लागेल तो पोरगा चहा निवेपर्यंत ते सोडीत नाही. चिंटूवर मध्यमवर्गीय शहरीपणाचा आरोप होतो, तो मला मान्य आहे. परंतु आमच्या बीड जिल्ह्यात त्या आरोपाला निराळीच धार चढते. दिवाळीच्या सुमारास टोळीच्या मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते बांधून पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या वाटेला लागली, म्हणजे मागे राहिलेल्या मुलाच्या घरी पुढचे पाच-सहा महिने वडीलधारे म्हणजे आजी-आजोबाच. आणि जो मुलगा बरोबर गेला, त्याच्या शाळेच्या हजेरीपटाचे काय होते, हे गुरुजींना विचारावे. ‘अभ्यासाला बस’ हे चिंटूला रोज जाच वाटणारे फर्मान अशा मुलाला हेवा वाटावा असे असते. हा वाचक मालिकेच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे नसेलही; तरीही तो हसतो, कारण आजोबांचा शब्द आजोबांवरच उलटविण्याची कला त्याला पुण्याच्या मुलाहून कमी अवगत नसते.

२०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी चिंटूला पडद्यावर आणले. मुलांची करमणूक झाली, परंतु पट्टीत जो वर्षानुवर्षे वाढला नाही, त्याला तेथे एका सबंध कथानकाचे ओझे वाहावे लागले, आणि माझ्या मते ते त्याच्या खांद्याला जडच होते.

चिंटूचे सामर्थ्य संवादात. शब्दच काढून घेतले, तर विनोद केवळ रेषेवर किती काळ तगून राहतो, याचा विचार शि. द. फडणीस यांच्या निःशब्द चित्रांच्या निमित्ताने पुढील लेखांकी करू.