होळी ते मृग : उन्हाळ्याचा अंदाज आणि आपला ऊस



होळीची राख गार होते न होते तोच गट ऑफिसात एकच प्रश्न सुरू होतो, "साहेब, औंदा उन्हाळा कसा हाय?" पूर्वी या प्रश्नाला पंचांग उत्तर देत असे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यावर रोज कोणीतरी कसला तरी अंदाज पाठवीत असतो. एकात गारपीट, दुसऱ्यात उष्णतेची लाट, तिसऱ्यात मान्सून वेळेआधी. तिन्ही निरोप एकाच सकाळी आलेले आम्ही पाहिले आहेत. तेव्हा यातले आपल्या उसाच्या कामाचे किती आणि सोडून द्यावयाचे किती, हे एकदा स्पष्ट लिहावे म्हणून हा लेख.

भारतीय हवामान खाते दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज देते. त्यात आपल्या भागात "तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता" असे लिहिलेले असते. पुष्कळ सभासद याचा अर्थ "ऊन जास्त पडणार" असा सरळ घेतात. तसा तो नाही. सरासरीहून कमी, सरासरीइतके आणि सरासरीहून जास्त असे तीन कप्पे करतात. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला तेहतीस टक्के येतात. खात्याने जास्त तापमानाला साठ टक्के दिले, तर त्याच अंदाजात उरलेले चाळीस टक्के दुसऱ्या बाजूलाही आहेत. बैलबाजारात खोंड घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो आणि पैसे मोजतो, तरी तो औताला कसा चालेल हे जुंपल्याशिवाय कळत नाही. अंदाज म्हणजे दात पाहणे आहे. त्यावाचून खोंड घेऊ नये, पण दात पाहिले म्हणून नांगरट झाली असेही नाही.

दुसरी गोष्ट प्रदेशाची. बातम्यांत कोकण आणि मध्य महाराष्ट्र ही नावे एका दमात घेतली जातात. प्रत्यक्षात रत्नागिरीचा किनारा, महाबळेश्वरचा माथा आणि आपले फलटण ही तीन वेगळी हवामाने आहेत. म्हणून उष्णतेच्या लाटेचे मापही खात्याने वेगळे ठेवले आहे. सपाटीवर पारा किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगरी भागात ३० अंश, आणि शिवाय तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेला असला पाहिजे. किनाऱ्यावरच्या आंबेवाल्याला ३७ अंशांत मोहोर आणि कैरी गळण्याची धास्ती असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये ४० अंश म्हणजे रोजचेच. तेव्हा "कोकणात उष्णतेची लाट" हे वाचून इकडे पाळी बदलू नये, आणि आपल्याकडे लाट जाहीर झाली नाही म्हणून उसाला ऊन लागत नाही असेही समजू नये.

आता मुद्द्याचे बोलतो. उन्हाळ्याचा अंदाज कितीही अचूक असला तरी तो भाटघरचे पाणी एक इंचानेही वाढवीत नाही. फलटणला वर्षाकाठी सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या वाटेवरचा. इथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरवर असलेल्या महाबळेश्वरला त्याच्या दहापटीहून जास्त पडतो. सह्याद्री आपल्या वाट्याचे ढग अडवितो हे खरे, पण तोच ते पाणी साठवून देतो. भोरच्या डोंगरात वेळवंडी नदीवर १९२८ साली पुरे झालेले भाटघर धरण, मागाहून झालेले नीरा देवघर, खाली नीरेवरचे वीर, आणि तिथून निघणारा नीरा उजवा कालवा हीच आपली कामधेनू आहे. एप्रिलमध्ये आपल्या सरीतून जे पाणी वाहते ते मागल्या जुलै-ऑगस्टमध्ये भोरच्या डोंगरावर पडलेले असते. म्हणजे यंदाच्या उन्हाळ्याचा निम्मा निकाल मागच्या श्रावणातच लागून गेलेला असतो! २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याची झळ कालव्याच्या शेवटाला राहणाऱ्या सभासदांना कधी लागली, तर पुढच्या उन्हाळ्यात. त्यामुळे मार्चमध्ये आकाशाचा अंदाज विचारण्याआधी धरणात साठा किती आणि उन्हाळी आवर्तने किती मिळणार, हे पाटबंधारे खात्याच्या कचेरीत विचारावे. विहिरीचे पाणी दोराने मोजून ठेवावे. पाणी दोन एकरांचे आणि ऊस चार एकरांचा असा हिशेब पुष्कळांचा निघतो, आणि तो मेमध्ये निघाला तर उपयोग नाही.

आमच्या मते उन्हाळ्यात करण्यासारखे सर्वांत मोठे काम पैशाचे नाही, काडीपेटी घरी ठेवण्याचे आहे. खोडव्याचे पाचट पेटवू नका हे आम्ही इतकी वर्षे सांगतो आहोत की आम्हालाच आता लाज वाटते. तरीही मार्चमध्ये संध्याकाळी राजाळे-आसू रस्त्याने आले की धुराचे लोट दिसतातच. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. ते सरीत दाबून बसविले तर जमिनीवर सावली धरते, ओल टिकते, तण दबते. ज्याला पटत नाही त्याने एक काम करावे. चैत्रात दुपारी दोन वाजता पाचट असलेल्या सरीत हात घालावा आणि मग उघड्या सरीत घालावा. एका तात्यांना आम्ही हे करायला लावले. ते म्हणाले, "हितं म्हस बी बसंल, साहेब." दुसऱ्या वर्षापासून त्यांनी पाचट पेटविले नाही. कुजविण्यासाठी टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत, नाहीतर वरचे डोळे फुटून कोंब कमकुवत येतात.

सुरू लागणीच्या उसाला या दिवसांत खोडकिडीचे भय असते. हवा जितकी कोरडी आणि तापलेली, तितकी ही कीड माजते. पोंगा वाळतो, उपटला तर सहज हातात येतो आणि त्याला घाण वास असतो. वेळेवर बाळबांधणी करून कोंबाच्या बुडाशी माती लावली आणि ओल राखली तर निम्मे काम होते. पाळी लांबली तर एक आड एक सरी भिजवावी. दोन टक्के युरिया आणि दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅश यांची फवारणी पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने केली तर ऊस तग धरतो. वाढ होत नाही, जगतो एवढेच. ठिबक असलेल्यांना हा प्रश्न कमी. त्यांनी फक्त दिवसा वीज आली की भर दुपारीच पाणी सोडण्याची सवय मोडावी.

इथपर्यंतचे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. वळवाचे तसे नाही. कोकणातून चढणारा दमट वारा आणि पठारावरची तापलेली हवा यांची गाठ पडली की दुपारनंतर ढग उभे राहतात, आणि एका शिवारात पाऊस तर बांधापलीकडे धूळ अशी गत होते. हा पाऊस येणार एवढे तीन-चार दिवस आधी सांगता येते. किती आणि कोणाच्या रानात, ते सांगता येत नाही. हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो, पण मे २०२५ मध्ये पुन्हा शिकलो.

त्या मे महिन्यात वळवाचा अंदाज होता. आमच्या विभागाने सभासदांना निरोप दिला की ओल मिळते आहे, सुरू उसाची मोठी बांधणी आणि खताचा हप्ता उरकून घ्या. अनेकांनी ऐकले. मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणी निघायच्या सुमारास, फलटणला एका दिवसात दीडशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला. वर्षाच्या पावसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा! दुधेबावीजवळ माणसे पाण्यात अडकली. नदीपलीकडे बारामतीच्या हद्दीत नीरा डावा कालवा फुटला. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईत इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंदच नव्हती. अंदाज चुकला असे म्हणता येत नाही, पाऊस येणार म्हणाले होते आणि तो आला. चुकलो आम्ही. "पाऊस येणार" यातून "बेताचा येणार" असा अर्थ आम्ही आमच्या मनाने काढला. बांधलेल्या सऱ्या फुटल्या, युरिया ओढ्याला गेला. एक आण्णा गट ऑफिसात आले, खाली बसले आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, पाच पोती गेली. तुमी सांगितलं म्हनून टाकली." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

तेव्हापासून आम्ही विभागात एक पद्धत ठेवली आहे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात खताचा पूर्ण हप्ता एकदम द्या असे आम्ही कोणाला सांगत नाही. दोन भाग करा, मातीआड करा, आणि पुढच्या चार दिवसांचा अंदाज पाहून पहिला भाग टाका. हवामान खात्याची कृषी सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, ती गट ऑफिसच्या फळ्यावर लावली जाते. मोबाईलवर 'मेघदूत' ॲप आहे, विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' आहे. वळवात बांधावरच्या झाडाखाली उभे राहण्याची खोड जिवावर बेतते, म्हणून दुसरे ॲप तरी घरातल्या मुलाकडून घालून घ्याच. चर आणि ओढ्याकडे जाणाऱ्या वाटा वैशाखातच उकरून ठेवाव्यात. २०२५ मध्ये ज्यांचे चर मोकळे होते त्यांचा ऊस चार दिवसांत सावरला. शेजारच्या बुजलेल्या चराचे पाणी ज्यांच्या रानात आले त्यांच्या तक्रारी मात्र अजून मिटलेल्या नाहीत.

वळवाबरोबर आणखी एक पाहुणा येतो, हुमणी. पहिला दमदार पाऊस झाला की त्याच संध्याकाळी अंधार पडता पडता तिचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर बसतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते, हे लक्षात घेतले तर त्या एका तासाची किंमत कळेल. पण एकट्याने करून भागत नाही, भुंगेऱ्याला बांध ठाऊक नसतो. सगळ्या गावाने एकाच संध्याकाळी निघावे लागते.

एप्रिलच्या मध्याला मान्सूनचा पहिला अंदाज येतो आणि मग आडसालीचे बेत सुरू होतात. अंदाजातला टक्का सगळ्या देशाचा असतो. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरून तो काढतात. देशात शंभर टक्के पाऊस झाला आणि बरड-गिरवीकडे टँकर सुरू राहिले, असे आपण पाहिले आहे. आडसालीचे क्षेत्र विहिरीच्या दोरावर आणि मागच्या तीन वर्षांच्या आवर्तनांवर ठरवावे, त्या टक्क्यावर नको.

गुढीपाडव्यापासून आमचे कर्मचारी खोडव्याच्या नोंदीला गावोगाव येतील. येताना त्यांच्याकडे पाचटाचे जिवाणू असतील, रक्कम ऊस बिलातून कापून घेतली जाईल. ज्या गावांना भुंगेरे गोळा करण्यासाठी माणसे जमवायची आहेत त्यांनी वैशाख लागण्याआधी आपल्या गट ऑफिसात नाव द्यावे. बॅटऱ्या आणि बादल्या कारखाना देईल. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालते.