मनोऱ्याचा टप्पा

"रेंज नाहीं" हे दोन शब्द मराठी घरांत आतां इतके रुळले आहेत कीं, त्यांच्या अर्थाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मुलगा आरमोरी तालुक्यांतील जंगलालगतच्या एखाद्या शाळेंत शिक्षक म्हणून रुजू होतो, दोन दिवस त्याचा फोन लागत नाहीं, आणि नागपुरास बसलेली आई चिंतेंत पडते. शेजारी सल्ला देतात, "पांचव्या पिढीचा फोन घेऊन द्या, महाग रिचार्ज करा, म्हणजे झालें!" सल्ला सद्हेतूचा खरा, पण त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. यंत्रणेची पिढी ही एक गोष्ट, मनोऱ्याचा टप्पा ही दुसरी, आणि डेटाचा दर ही तिसरी. पिढी बदलली कीं वेग वाढतो. टप्पा वाढेलच असें नाहीं. आणि टप्प्याबाहेरच्या माणसानें कितीहि दाम मोजले, तरी त्याच्या पदरांत कांहींच पडत नाहीं.

हा भेद समजून घेण्यास आरमोरी हें चांगलें उदाहरण आहे. वैनगंगेच्या पूर्व तीराकडचें हें तालुक्याचें गांव ब्रह्मपुरीहून गडचिरोलीस जाणाऱ्या रस्त्यावर वसलें आहे. एका बाजूस नदी व धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूस जंगल. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखालीं आहे. २०११ च्या खानेसुमारींत साऱ्या महाराष्ट्रांत दर चौरस किलोमीटरास ३६५ माणसें भरलीं, तर या जिल्ह्यांत अवघीं ७४. दाट झाडी आणि विरळ वस्ती, या दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुढचें कोडें बरेंचसें सुटतें.

येथें फोन लागणें ही केवळ सोयीची बाब नव्हे. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले, तेव्हां वैनगंगेच्या कांठचीं गांवें पुरानें वेढलीं गेलीं. २०२१ सालीं छत्तीसगडाकडून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यांत शिरला आणि उभ्या धानाची नासधूस करूं लागला. १३ लोकांचा बळी घेणारा वाघ २०२२ च्या ऑक्टोबरांत आरमोरीशेजारच्या वडसा भागांत जेरबंद झाला. पाणी सोडलें, कळप अमुक बाजूस वळला, वाघ तमक्या बांधावर दिसला, ही वार्ता तासभर आधीं पोहोंचते कीं नंतर, यावर पीक, गुरें आणि प्रसंगीं माणसाचा जीवहि अवलंबून असतो.

आतां मूळ यंत्रणा पाहूं. मोबाइल हा बिनतारी खरा, पण त्याचा बिनतारी प्रवास फार थोडा असतो. हातांतल्या फोनपासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतच संदेश हवेंतून जातो. तेथून पुढें तो बहुधा जमिनींत पुरलेल्या कांचतंतूंच्या तारेनें धांवतो. नभोवाणीच्या मनोऱ्याशीं याची तुलना केली असतां एक महत्त्वाचा फरक दिसतो. नभोवाणी केंद्र फक्त बोलतें. श्रोत्याचा रेडिओ फक्त ऐकतो. म्हणून केंद्राची शक्ति वाढविली कीं त्याचा आवाज दूरवर जातो. मोबाइलच्या मनोऱ्याला मात्र ऐकावेंहि लागतें. चौथ्या पिढीचा साधा फोन जास्तींत जास्त वॅटच्या पांचव्या हिश्श्याएवढ्या शक्तीनें बोलतो. मनोरा कितीहि मोठ्यानें ओरडला, तरी फोनचा हा क्षीण स्वर त्याच्यापर्यंत पोहोंचला नाहीं, तर संभाषण होत नाहीं. फोनवर एखादी रेघ दिसते आणि तरीहि बोलणें जमत नाहीं, त्याचें एक कारण हें.

मार्गांत झाडें आलीं कीं अडचण वाढते. पानांत पाणी असतें, आणि पाणी या लहरींना शोषून घेतें. भर पावसाळ्यांत ओलें रान तर अधिकच. शिवाय सर्व लहरी सारख्या नसतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें ४३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक हात भरते. ३३०० मेगाहर्ट्झची लहर अवघी ९ सेंटिमीटरांची असते. लांब लहर झाडाझुडपांतून, घराच्या भिंतींतून बऱ्यापैकीं वाट काढते. आंखूड लहर माहिती पुष्कळ वाहून नेते, पण लवकर थकते. टप्पा निम्मा झाला कीं एका मनोऱ्याखालचें क्षेत्र चौथाईवर येतें. म्हणजे तितक्याच रानासाठीं एकाऐवजीं चार मनोरे हवेत. शहरांत पांचव्या पिढीचा जो झपाटा दिसतो, तो बव्हंशीं अशा आंखूड लहरींवर उभा आहे. तो जसाच्या तसा रानांत नेतां येत नाहीं, तो यामुळेंच.

पिढ्यांचा इतिहास थोडक्यांत असा. भारतांत मोबाइलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झालें. दुसऱ्या पिढीनें बोलणें व लहान संदेश दिले. तिसऱ्या पिढीच्या लहरींचा लिलांव २०१० सालीं झाला, आणि फोनवर चित्रें हलूं लागलीं. २०१६ नंतर चौथी पिढी घरोघर गेली. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं पांचवीचा आरंभ झाला. २७ सप्टेंबर २०२५ रोजीं भारत संचार निगमच्या स्वदेशी बनावटीच्या चौथ्या पिढीच्या जाळ्याचें उद्घाटन झालें.

परंतु मनोरा नव्या पिढीचा झाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. ही एक सांखळी आहे आणि तिचें बळ सर्वांत कच्च्या कडीएवढेंच. मनोरा नवा, पण खिशांतलें सिम जुनें, तर नवी सेवा मिळत नाहीं. सिम नवें, पण फोन चौथ्या पिढीवरून बोलूं न शकणारा, तरी तेंच. मनोऱ्यामागची तार पुरांत किंवा रस्त्याच्या खोदकामांत तुटली, कीं मनोरा उभाच्या उभा मुका होतो. वीज गेली आणि बॅटरी संपली, तरी तोच प्रकार.

आणखी एक कडी गर्दीची. वडसा हें झाडीपट्टी रंगभूमीचें माहेरघर. दिवाळीनंतर या मुलखांत मंडई भरते, रात्रभर नाटकें चालतात, आणि लहानशा गांवांत पंचक्रोशी लोटते. अशा रात्रीं एकाच मनोऱ्याखालीं हजारों फोन जमले, कीं प्रत्येकाच्या फोनवर रेघा पूर्ण दिसतील, पण चित्र उतरणार नाहीं. तलाव भरलेला आहे, पण पाट एकच, आणि त्यावर शंभर बांध्या टेकल्या आहेत, असें समजावें. रेघा टप्पा दाखवितात, वांट्याला येणारें पाणी दाखवीत नाहींत.

आतां प्रश्न उरतो कीं, रानांत मनोरे पुरेसे कां नाहींत? उत्तर व्यापारी हिशेबांत आहे. मनोऱ्याचा खर्च शहरांत आणि रानांत साधारण सारखाच. रानांत तो कांकणभर जास्तच. गिऱ्हाईक मात्र शहरांत हजारोंनीं, रानांत बोटांवर मोजण्याइतकें. ही तूट भरून काढण्यास १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधि अस्तित्वांत आला; दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा एक भाग त्यांत जमा होतो. नव्या कायद्यान्वयें त्याचें नांव आतां डिजिटल भारत निधि असें झालें आहे. थोडक्यांत, शहरांतील प्रत्येक रिचार्जमधून एक लहानसा ओघ रानाकडे वळविलेला आहे.

या आधारावर नक्षलग्रस्त भागांत मनोरे उभारण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळानें २०१४ सालीं मंजूर केली. ते मनोरे दुसऱ्या पिढीचे होते. २७ एप्रिल २०२२ रोजीं त्यांपैकीं २,३४३ ठिकाणें चौथ्या पिढीचीं करण्यास संमति मिळाली. त्याआधीं २०२१ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्रासह पांच राज्यांच्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ वंचित खेड्यांसाठीं वेगळी योजना झाली. गडचिरोली हा आकांक्षित जिल्ह्यांपैकींच एक. गडचिरोलींत मनोरे जाळण्याचेहि प्रकार घडले आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तेथें मनोरा उभा राहणें आणि टिकणें यांतील अंतर कळतें.

सर्वांत शहाणपणाचें पाऊल १७ जानेवारी २०२५ रोजीं पडलें. तोंपर्यंत निधीच्या पैशानें उभारलेला मनोराहि ज्या कंपनीनें चालवावा, तिच्याच गिऱ्हाइकांच्या उपयोगीं पडे. बाकीच्यांचे फोन त्याच्या सावलींत उभे राहूनहि मुके. त्या दिवशीं अशा सुमारें २७,००० मनोऱ्यांवर निरनिराळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना सामायिक चौथ्या पिढीची सेवा देण्याची व्यवस्था सुरू झाली. गांवची विहीर एक, मग पोहरा कोणाचाहि असो.

दराचा विषय यानंतरचा. "महिन्याचा" म्हणून घेतलेला रिचार्ज पुष्कळदां २८ दिवसांचा असतो. वर्षाचे दिवस ३६५. म्हणजे बारा नव्हे, तेरा वेळां पैसे भरावे लागतात. यावर तक्रारी झाल्यानें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२२ च्या जानेवारींत प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा व दरमहा त्याच तारखेस नवा करतां येणारा पर्याय ठेवण्यास भाग पाडलें. दिवसाचा ठरलेला डेटा संपल्यावर वेग पुष्कळदां ६४ किलोबिटांवर येतो. त्या वेगानें एक जीबी उतरविण्यास सुमारें ३५ तास लागतील. सरकारी व्याख्येप्रमाणें २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणविण्यास किमान २ मेगाबिट वेग हवा. तेथें तेंच काम सव्वा तासाच्या आंत होतें. ज्या वृद्धांना किंवा शेतकऱ्यांना केवळ बोलावयाचें आहे, त्यांच्या माथीं डेटा मारला जाऊं नये, म्हणून २०२४ च्या डिसेंबरांत केवळ संभाषण व संदेश यांचा वेगळा पर्याय ठेवणेंहि आवश्यक केलें गेलें. जुलै २०२४ मध्यें मोठ्या खासगी कंपन्यांनीं दर वाढविल्यानंतर या पर्यायाचें महत्त्व अधिकच वाढलें.

तेव्हां आरमोरीस आप्त असणाऱ्या शहरी कुटुंबानें काय करावें? पिढीचा आंकडा पाहण्याआधीं जागा पाहावी. २०२४ च्या नियमांप्रमाणें कंपन्यांनीं आपापल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळांवर ठेवावयाचे आहेत. ते पाहावे, आणि त्याहून त्याच गांवच्या शिक्षकाला, आशाताईला किंवा दुकानदाराला विचारावें. फोन चौथ्या पिढीवर बोलणारा आणि सिम त्याच पिढीचें आहे ना, याची खात्री करावी. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली, तरी ११२ हा संकटकाळचा क्रमांक फिरवून पाहावा. असा फोन जवळच्या दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरूनहि जाऊं शकतो. पुराचा इशारा मनोऱ्यावरून सर्व फोनांना एकदम देण्याची पद्धति आहे, आणि तिला डेटा लागत नाहीं. म्हणून फोनमधील इशाऱ्यांची सोय बंद करून ठेवूं नये.

शहरांतला माणूस वेगानें नेटवर्क मोजतो आणि त्याच्या परीनें तें ठीकहि आहे. पण वैनगंगेला पूर आला असतां कांठच्या शेवटच्या घरांत फोन वाजतो कीं नाहीं, हें माप त्याहून जुनें आणि अधिक खरें आहे. पांचवी पिढी आली, उद्यां सहावीहि येईल. त्या रात्रीं तो फोन वाजला, तर तिचें स्वागत आरमोरीसहि मनापासून होईल.