पानाचे दुखणे मुळाशी

गावोगावी घरभेटीस गेलो म्हणजे ओसरीच्या कडेला, न्हाणीपाशी अथवा जुन्या डब्यातून कोरफड आणि पानफुटी ही दोन झाडे आम्हांस हटकून दिसतात. भाजले-पोळले तर कोरफडीचा गर हाताशी असावा म्हणून घरची बाई तिला जपते. गेल्या पावसाळ्यात पैनगंगेच्या अलीकडील एका खेड्यात एका आजींनी आपली कोरफड आमच्यापुढे आणून ठेवली. लग्नानंतर माहेराहून आणलेल्या रोपाची ती वंशज. पाने पिवळी, लिबलिबीत. बोट लावताच पाणी सुटे. “फादर, रोज न चुकता पाणी घालते, तरी ही का खंगते?” असे त्यांनी विचारले. प्रश्नातच उत्तर होते. परंतु ते चटकन सांगावयास आम्हांस संकोच वाटला. आदल्याच वर्षी आमच्या ओसरीवरील पानफुटी आम्ही ह्याच मायेने घालविली होती.

ह्या झाडांचे मांसल पान म्हणजे पाण्याचा रांजणच होय. बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात. त्याबरोबर ओलावाही उडून जातो. ही झाडे मात्र काटकसरी. ती आपली छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात, हवेतील कार्बन डायऑक्साइड आम्लरूपाने साठवून ठेवतात आणि दिवसा दारे लावून त्यापासून अन्न तयार करतात. ह्याची एक खूण आपल्याच देशात टिपली गेली. मद्रास इलाख्यात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन ह्यांना पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागले. त्यांचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापले. वाचकांनी मात्र चव पाहण्याच्या भरीस पडू नये. पानफुटी गुरांना विषारी असते, तेव्हा ती गोठ्यापासून दूरच असावी.

ज्याचा रांजण भरलेला आहे त्याला रोज पाणी पाजणे म्हणजे त्याचे पाय चिखलात रोवणे होय. मातीतील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात, त्यांना बुरशी लागते. आणि मुळाचे हे दुखणे पानावर दिसू लागते. म्हणून पान वाचावयास शिकले पाहिजे.

पान पिवळे, मऊ व पाणीदार झाले तर पाणी अधिक झाले असे समजावे. पान सुरकुतले, पातळ झाले तर मातीत बोट घालून पाहावे. माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे. पण माती ओली असूनही पान सुरकुतले असेल, तर मुळे कुजली असून त्यांना पाणी ओढवत नाही. येथेच पुष्कळांची फसगत होते व ते आणखी पाणी घालतात. उन्हाकडील बाजूस कोरडे, तपकिरी चट्टे पडले तर ते ऊन भाजल्याचे. ते पुन्हा हिरवे होत नाहीत, परंतु नवी पाने चांगली येतात. झाड लांबट, फिकट होऊन पाने विरळ झाली तर उजेड कमी पडतो. तळाची एखाददुसरी जुनी पाने वाळणे मात्र स्वाभाविकच होय.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. आपल्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्याचीच एक भावंडजात १९२६ साली श्रीलंकेहून भारतात आणली गेली व तिने फड्या निवडुंगाची रानेच्या राने नाहीशी केली, इतकी ही कीड चिवट! स्पिरिटात भिजविलेल्या बोळ्याने ती पुसून काढावी. आधी एका पानावर प्रयोग करावा आणि झाड दिवसभर सावलीत ठेवावे.

आता प्रतिबंधाविषयी. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याची काळी माती कापसाला वरदान. पण डब्यातील कोरफडीला ती मानवत नाही. भिजली की फुगते व ओल धरून ठेवते, वाळली की भेगाळून मुळे तोडते. म्हणून एक भाग माती, एक भाग जाड वाळू व एक भाग विटांचे बारीक तुकडे असे मिश्रण करावे आणि डब्याच्या बुडाला भोके अवश्य पाडावीत. बोटाची दोन पेरे खोल माती कोरडी लागेल तेव्हाच पाणी द्यावे. पावसाळ्यात झाड वळचणीच्या धारेखाली ठेवू नये. मे महिन्यात सकाळचे कोवळे ऊन पुरे. येथील हिवाळ्यात रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो. तेव्हा पाणी फारच थोडे द्यावे.

झाड कुजू लागलेच तर ते उपटावे, काळी मऊ मुळे स्वच्छ सुरीने कापावीत, चार-पाच दिवस सावलीत जखम सुकू द्यावी, मग कोरड्या मिश्रणात लावून आठवड्याने पाणी द्यावे. पानफुटीचे एखादे निरोगी पान उरले तरी त्याच्या कडेच्या खाचांतून नवी रोपे फुटतात. कोरफडीचे तसे नाही. तिचे पान रुजत नाही, तिची पिल्लेच जपावी लागतात.

आजींचा डबा आम्ही उपडा केला. बुडाला भोक नव्हते. मुळे काळी पडून आंबली होती; मात्र एका कडेला बोटाएवढे एक पिल्लू घट्ट मुळांनिशी उभे होते. ते त्यांनी स्वतः वेगळे करून विटांच्या चुऱ्यात लावले. “मग मी रोज काय करू?” असे त्या विचारू लागल्या. आम्ही म्हटले, “आजी, रोज बोट घालून पाहा, पाणी मात्र रोज नको.” गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्या पिल्लाला पाच पाने होती, आणि आजींच्या बोटाला माती.