मीटरचा लाल दिवा वाचायला शिका: घरातली वीज नक्की खातंय कोण?

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागासाठी दोनच गोष्टी लागणार आहेत. तुमचा फोन आणि तुमच्या घराचं वीजमीटर. अ‍ॅप नको, नवीन गॅजेट नको, मीटरला हात लावायचीसुद्धा गरज नाही.

बिल जास्त आलं की घराघरांत एकच सीन असतो. कोणीतरी म्हणतं, "मीटर फास्ट आहे." कोणीतरी म्हणतं, "तू रात्रभर चार्जर लावून ठेवतोस." मग सगळ्यांत गरीब माणसाचा पंखा बंद होतो! मी दिवसभर सर्व्हर का स्लो झालाय हे शोधत बसतो, त्यामुळे मला सवय एकच: आधी मोजायचं, मग भांडायचं.

तर मोजायचं कसं? मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, पाहिलाय? तो शोभेचा नाही. त्याच्या शेजारी किंवा पाटीवर इंग्रजीत 3200 इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ सोपा आहे: एक युनिट वीज वापरली गेली की हा दिवा 3200 वेळा लुकलुकतो. एक युनिट म्हणजे 1000 वॅटची वस्तू एक तास चालणं.

आता गणित. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते स्टॉपवॉचवर बघा आणि 1125 ला त्या सेकंदांनी भागा. आलं उत्तर वॅटमध्ये. 15 सेकंदांनी एकदा लुकलुकलं तर 75 वॅट. 1125 कुठून आला? 36 लाखांना 3200 ने भागलं की येतो. तुमच्या मीटरवर 1600 लिहिलं असेल तर 2250 घ्या, 1000 असेल तर 3600. एकाच लुकलुकीवर भरवसा ठेवू नका, दहा मोजून सरासरी काढा. लोड मोठा असेल तर दिवा भराभर लुकलुकतो. अशा वेळी अर्धा मिनिट व्हिडिओ काढा आणि नंतर निवांत मोजा.

सोसायटीत मीटर खाली जिन्याजवळ असतात. तिथे दोन माणसं लागतात. एक खाली फोनवर, एक वर बटणं दाबायला. आणि एक नियम पक्का: मीटरचं सील, वायरी, पेटी, कशालाही हात लावायचा नाही. फक्त बघायचं.

पहिली टेस्ट. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा आणि दिवा बघा. तो पूर्ण थांबायला हवा, बरोबर? बहुतेक घरांत थांबत नाही!

माझे आईबाबा चिपळूणला असतात. गेल्या मे महिन्यात मी आणि धाकट्या भावाने तिथे हे करून बघितलं. सगळं "बंद" असताना दिवा 25 सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. म्हणजे 45 वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे चोवीस तास, तीस दिवस चालतं. महिन्याला 32 युनिट झाले की हो. कोणाचे? वायफायचा राउटर, इन्व्हर्टर आणि टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो बॉक्स जागाच असतो. त्याचं भिंतीवरचं बटण बंद केल्यावर आकडा 30 वॅटवर आला. एकटा बॉक्स 15 वॅट, महिन्याला जवळजवळ 11 युनिट.

आता खरी गोष्ट ऐका. आई रात्री दोन वाजता उठून पंखा बंद करायची. चिपळूणचा मे म्हणजे उशी भिजते इतका घाम. का बंद करतेस विचारलं तर म्हणाली, "अरे, बिल किती येतं बघतोयस ना!" हिशोब करू. साधा जुना पंखा 75 वॅट, रोज तीन तास बंद, महिन्याची बचत पावणेसात युनिट. तिची झोपमोड पावणेसात युनिटांसाठी, आणि हॉलमध्ये एक डबा कोणी बघत नसताना 11 युनिट खात होता. हा आकडा तिला कागदावर लिहून दाखवला. तेव्हापासून बॉक्सचं बटण बाबा झोपताना बंद करतात आणि पंखा सकाळपर्यंत चालतो.

म्हणून मी मोजण्याच्या एवढा मागे लागतो. न मोजता केलेली काटकसर बऱ्याचदा माणसालाच त्रास देते.

दुसरी टेस्ट, एकेक वस्तू. बाकी सगळं बंद ठेवून एक गोष्ट चालू करा, आकडा घ्या, आधीचा 45 सारखा आकडा वजा करा. फ्रिजला ही पद्धत चालत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून सुरू होतो. त्याच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्याला 365 ने भागा.

मीटर फास्ट आहे का, याचा अंदाजही इथेच येतो. 2000 वॅटचा गीझर एकटा लावा. 3200 वाल्या मीटरवर दहा लुकलुकींना साधारण साडेपाच ते सहा सेकंद लागायला हवेत. व्होल्टेज कमी असेल तर थोडे जास्त लागतील. आकडा फारच वेगळा आला तर महावितरणकडे मीटर तपासणीचा अर्ज करा. हातात मोजमाप असलं की बोलायला जोर येतो.

आता दुरुस्त्या.

गीझर: 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.6 युनिट लागतं. एका बादलीचं आंघोळीचं पाणी 42 अंशांना पुरतं, त्याला 0.3 युनिट. उरलेलं गरम पाणी तसंच राहिलं तर हळूहळू थंड होतं, पैसे हवेत. म्हणून आंघोळी एकापाठोपाठ उरका आणि शेवटच्या माणसाने बटण बंद करा.

पंखे: बीएलडीसी पंखा साधारण 30 वॅट घेतो. रोज 12 तास चालणारा जुना पंखा बदलला तर महिन्याला 16 युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका, सर्वांत जास्त तास चालणारा आधी. बऱ्याच बीएलडीसी पंख्यांना जुना रेग्युलेटर चालत नाही, तो बायपास करावा लागतो. मेन स्विच पाडून, टेस्टर लावून खात्री करूनच हात घाला. जमत नसेल तर सरळ वायरमनला बोलवा.

एसी: बीईईच्या हिशोबाने एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते. 26 वर ठेवून सोबत पंखा लावा. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, दाराखालची फट फोमच्या पट्टीने बंद करा. पश्चिमेच्या खिडकीला काचेच्या बाहेरून चिक किंवा हिरवी नेट लावा. आतला पडदा तेवढा उपयोगी नाही, कारण ऊन तोवर काच ओलांडून आत आलेलं असतं.

शेवटचा मुद्दा, स्लॅब. 100 युनिट ओलांडले की सगळंच बिल महाग होतं, असा समज आहे. तसं नाहीये. पहिले 100 पहिल्याच दराने लागतात, महाग दर फक्त वरच्या युनिटांना. पण याची गोड बाजू अशी की तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरून, म्हणजे तुमच्या सर्वांत महाग दरातून कमी होतं. बिलावरचा तो दर बघा आणि वाचलेल्या युनिटांना गुणा. पंखा किती महिन्यांत वसूल होतो ते लगेच कळेल.

तर मंडळी, या रविवारी खाली जा, दहा लुकलुकी मोजा आणि सगळं बंद असतानाचा तुमच्या घराचा आकडा आम्हाला पाठवा. 45 वॅटच्या खाली कोणाचा येतोय बघू. भेटू पुढच्या भागात!