हौशी छायाचित्रण

हौशी छायाचित्रण म्हणजे अर्थार्जनाचा हेतू न ठेवता आवड, आठवण किंवा अभ्यास म्हणून केलेले छायाचित्रण होय. घरातील प्रसंग, गावाभोवतीची भटकंती आणि सुट्टीतील प्रवास हे त्याचे नेहमीचे विषय असतात. बोलीभाषेत 'हौशी' या शब्दाला कधीकधी 'कच्चा' अशी छटा येते. परंतु हौशी रंगभूमीप्रमाणेच येथेही ती सरसकट लागू पडत नाही. छायाचित्रणाच्या इतिहासातील कित्येक महत्त्वाची चित्रे हौशी व्यक्तींनी काढलेली आहेत.

प्रारंभ

इ.स. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरचे तंत्र जाहीर झाले. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक छायाचित्रकाराला रसायनांची जाण असणे अपरिहार्य होते. इ.स. १८५१ मध्ये आर्चर याने शोधलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर लेप चढवणे, चित्र घेणे आणि ते प्रकट करणे ही सर्व कामे लेप वाळण्यापूर्वी उरकावी लागत. बाहेरगावी चित्रे काढायची तर काचा, बाटल्या आणि काळोखा तंबू यांचे ओझे बरोबर न्यावे लागे. साहजिकच आरंभीचे हौशी लोक सधन, सुशिक्षित आणि फुरसत असलेले होते.

भारतात या छंदाचे पहिले मोठे केंद्र मुंबई होते. तेथे इ.स. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. लवकरच 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचे मासिक प्रकाशन मुंबईतून निघू लागले. त्याच्या नावातच 'हौशी' हा शब्द आहे, आणि तत्कालीन मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची चित्रे आज त्यातून पाहावयास मिळतात.

हौशी आणि व्यावसायिक यांमधील सीमारेषा तेव्हाही पुसट होती. लाला दीनदयाळ हे इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असताना छंद म्हणून छायाचित्रणाकडे वळले. पुढे तोच त्यांचा व्यवसाय झाला आणि हैदराबादच्या निजामाचा आश्रय त्यांना लाभला. याउलट चित्रकार अमृता शेरगिल हिचे वडील उमरावसिंग शेरगिल यांनी अनेक दशके स्वतःची व कुटुंबीयांची चित्रे घरच्या घरी काढली. ती आज आधुनिक भारतीय कलेच्या अभ्यासकांना मोलाची वाटतात.

कॅमेऱ्यांचा प्रवास

जॉर्ज ईस्टमन याने इ.स. १८८८ मध्ये बाजारात आणलेला कोडॅक कॅमेरा हा या छंदाचा खरा आरंभबिंदू मानावा लागेल. २५ डॉलर किमतीच्या या पेटीत १०० चित्रांची गुंडाळी भरलेलीच येई. चित्रे संपली की संपूर्ण कॅमेरा कारखान्याकडे पाठवायचा. तेथे गुंडाळी धुऊन, चित्रे छापून आणि नवी गुंडाळी भरून तो परत मिळे. चित्र काढणारा आणि ते धुणारा अशी श्रमविभागणी झाली, आणि रसायनांचा गंधही नसलेल्या माणसाला कॅमेरा हाताळता येऊ लागला. इ.स. १९०० मध्ये आलेल्या ब्राउनी कॅमेऱ्याची किंमत अवघी एक डॉलर होती व तो मुख्यतः मुलांसाठी होता.

अशा पेटी-कॅमेऱ्याची रचना अगदी साधी असते: पुढे एक भिंग, एकाच वेगाने उघडमीट करणारी झडप आणि मागे फिल्म. केंद्रबिंदू पक्का केलेला असल्याने काही फुटांपलीकडील सर्व वस्तू कामचलाऊ स्पष्ट दिसतात, त्याहून जवळच्या अस्पष्ट. जुन्या संग्रहांत माणसे दूर उभी, पायापासून डोक्यापर्यंत आणि बहुधा उन्हात का दिसतात, याचे बरेचसे उत्तर या रचनेत सापडते.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे स्थान आग्फा क्लिक-३ या कॅमेऱ्याने मिळवले. त्याचे उत्पादन भारतातच होत असे. १२० क्रमांकाच्या एका रोलवर सहा सेंटिमीटर बाजूची १२ चौरस चित्रे निघत. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची 'इंदू' नावाची फिल्मही प्रचलित होती. बारा चित्रांत सहल, बारसे आणि एखादे देवदर्शन बसवायचे असल्याने प्रत्येक चित्रापूर्वी विचार होई. रोल पुरता संपल्याशिवाय धुवायला टाकला जात नसे. त्यामुळे एकाच रोलवर दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी शेजारी शेजारी आढळते. संग्रह लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

लायका (१९२५) या जर्मन कॅमेऱ्याने रूढ केलेली ३५ मिलिमीटरची फिल्म पुढे सर्वत्र पसरली आणि एका रोलवर ३६ चित्रे मिळू लागली. इ.स. १९८० च्या दशकात हॉट शॉटसारखे सोपे कॅमेरे भारतात लोकप्रिय झाले. अंकीय कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन याने इ.स. १९७५ मध्ये तयार केला होता. एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास त्याला २३ सेकंद लागत. आता हे काम मोबाइलनेच होते व चित्रांची मोजदाद उरलेली नाही.

भटकंती

हौशी छायाचित्रकाराची शाळा म्हणजे त्याचा परिसर. दूरच्या स्थळी माणूस एकदा जातो; गावाबाहेरच्या टेकडीवर किंवा नदीच्या घाटावर तो पन्नास वेळा जाऊ शकतो. तोच वड चैत्रात, आषाढात आणि पौषात कसा दिसतो हे पाहिल्यावाचून प्रकाशाची जाण येत नाही. सूर्य कललेला असताना लांब सावल्यांमुळे जमिनीचा उठाव दिसतो. भर दुपारी तो सपाट होतो. मापकाशिवाय अंदाज बांधण्याचा एक जुना नियम आहे: स्वच्छ उन्हात १०० आयएसओ फिल्मसाठी छिद्र एफ/१६ आणि वेग सुमारे १/१०० सेकंद. सह्याद्रीतील पावसाळी ढगांत मात्र हा नियम पार कोलमडतो.

महाराष्ट्रात पावसाळ्यातील घाटमाथा, भाद्रपद-आश्विनात फुलणारे कास पठार आणि हिवाळ्यात उजनी जलाशयावर भिगवणजवळ येणारे रोहित पक्षी ही हौशी छायाचित्रकारांची ठरलेली स्थळे आहेत. कासला चित्रासाठी फुलांवर आडवे पडणारे लोक पाहिले, की छंदाला शिस्तीची किती गरज आहे हे कळते. लेण्यांमधील चित्रांवर फ्लॅश न वापरणे आणि विणीच्या काळात पक्ष्यांच्या घरट्यांपासून दूर राहणे, हे संकेत पाळलेच पाहिजेत.

सहलीची छायाचित्रे आणि त्यांचे मोल

सहलीच्या चित्रांची रचना ठरीव असते. मध्यभागी कुटुंब, मागे धबधबा, किल्ला किंवा मंदिर. मुले पुढे, वडीलधारी मंडळी बाकावर. ज्याने चित्र काढले तो चित्रात नसतो, ही या प्रकारातील कायमची गोष्ट आहे. घरातील एखादी व्यक्ती संग्रहात जवळजवळ दिसतच नसेल, तर कॅमेरा बहुधा तिच्याच हाती होता.

काळ लोटला की या चित्रांतील दुय्यम भागाला महत्त्व येते. दुकानाची पाटी, टांगा, लुगड्याची नेसण, तटबंदीचा आज ढासळलेला बुरूज, आता इमारतींनी झाकलेली टेकडी यांची नोंद दुसरीकडे क्वचितच झालेली असते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला असे एक चित्र पुष्कळदा लेखी वर्णनापेक्षा अधिक सांगते. मात्र त्यासाठी स्थळ, वर्ष आणि व्यक्तींची नावे माहीत असावी लागतात. नावे ओळखणारी शेवटची व्यक्ती गेल्यावर संग्रहातील निम्मी माणसे अनोळखी होतात. ती माहिती कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.

म्हणून कागदी चित्राच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नावे व साल लिहावे, शाई झिरपते. इ.स. १९७० नंतर आलेल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये चित्रे खराब होतात, तेव्हा ती जपून काढून घ्यावीत. त्या मानाने काळ्या पानांवर कोपऱ्यांत अडकवलेली जुनी चित्रे पुष्कळदा उत्तम टिकलेली आढळतात. कोकणासारख्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवल्यास ती टळते. रंगीत चित्रांतील रंगद्रव्ये अंधारातही हळूहळू विटतात, त्यामुळे त्यांच्या प्रती आधी करून घ्याव्यात. अंकीय चित्रात तारीख आपोआप नोंदली जाते. परंतु कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर तीही चुकीचीच असते.

व्हिव्हियन मायर ही शिकागोतील मुले सांभाळणारी बाई आयुष्यभर रस्त्यांवरील चित्रे काढत राहिली. इ.स. २००७ मध्ये तिचे सामान लिलावात विकले गेले तेव्हा हजारो निगेटिव्ह उजेडात आल्या. हौशी चित्रांना आज विकिमीडिया कॉमन्ससारखे मुक्त भांडारही उपलब्ध आहे. नेदरलँड्समध्ये इ.स. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' या स्पर्धेत भारत २०१२ पासून सहभागी झाला. आडगावच्या मंदिराचे किंवा गढीचे मराठी लेखात दिसणारे चित्र पुष्कळदा अशाच एखाद्या सुट्टीतील वाटसरूने दिलेले असते.